सरावाचा संदेश

माझा राग वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझं छोटंसं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि केस वाळवायचं एक यंत्र, ते कधी चालतं, कधी रुसतं. येणाऱ्या बायका एकमेकींना बजावतात की बाईंच्या हातात कात्री असताना वाद घालायचा नाही. खरं आहे ते. पण माझ्या भाचीच्या बाबतीत जे झालं ते ऐकून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जाणार नाही, त्यानं आपले तळपाय एकदा डॉक्टरला दाखवून घ्यावेत.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिला सगळे मौनी म्हणतात, कारण लहानपणापासून तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिच्या जिवावर येतं. पाहुणे हळूच विचारायचे, हिला बोलता येतं ना? ताई म्हणायची, येतं हो, पण ती आधी विचार करते, आणि तिचा विचार करून होईपर्यंत तुम्ही उठून गेलेले असता. अशी ही मुलगी शाळा संपल्यावर म्हणाली, मला माहिती आणि संवाद या विषयात पदवी करायची आहे. आम्ही सगळे हसलो. भावोजी ट्रक चालवतात, ते जेवत होते, त्यांना तर ठसकाच लागला. म्हणाले, "अगं, बोलायला शिकायला कॉलेज कशाला? मावशीकडे जाऊन राहा. ती फुकट शिकवेल, नको म्हणालीस तरी शिकवेल."

मग तिनं कारण सांगितलं आणि आमचं हसणं थांबलं. ती शाळेत असताना भावोजींच्या ट्रकला अपघात झाला होता. हॉस्पिटलमधून एकानं फोन करून सांगितलं, पेशंट आमच्याकडे आणलाय. ताईनं परत फोन केला तर दुसरा म्हणाला, या नावाचं इथे कुणी नाही. तिसऱ्यानं विचारलं, बॉडी न्यायला कोण येणार आहे? ती बॉडी दुसऱ्याच कुणाची होती. अर्धा दिवस ताई कपाळ बडवून घेत होती आणि तिकडे भावोजी पायाला प्लास्टर घालून चहा मागत होते. त्या अर्ध्या दिवसात मौनी फोनजवळून हलली नव्हती. ती म्हणाली, "त्या तिघांतलं कुणी वाईट नव्हतं. त्यांना नीट सांगता येत नव्हतं. मला ते शिकायचंय. हॉस्पिटलमध्ये माहिती कक्ष असतो, तिथे पदवी असल्याशिवाय घेत नाहीत." म्हणजे टीव्हीवर झळकायला निघालेली ही पोरगी नव्हती. तिला त्या काचेमागच्या खुर्चीत बसायचं होतं, आणि त्या खुर्चीसाठी पदवी हवी होती.

कॉलेज माझ्या पार्लरपासून दोन चौक पलीकडे, म्हणून ती माझ्याकडे वरच्या खोलीत राहायला आली. पहिल्या वर्षी तिनं वहीत चौकोन काढून मला समजावलं. हा सांगणारा, हा निरोप, हा मार्ग, हा ऐकणारा, आणि मध्ये कडमडतो तो अडथळा. मी म्हटलं, "अडथळा म्हणजे तुझी आई. मी फोनवर एक सांगते, ती भावोजींना भलतंच सांगते." ती हसली नाही. तिनं त्या चौकोनात खरंच 'आई' असं लिहिलं.

त्या वर्षी त्यांना शिकवायला एक म्हाताऱ्या बाई होत्या, पुढे त्या निवृत्त झाल्या. त्यांनी विभागाला दोन शिस्ती लावल्या होत्या. पहिली अशी की लिहिलेली सूचना बाहेर पाठवण्याआधी, विभागाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि विचारायचं, आता तुम्ही काय कराल? याला त्या 'बाहेरचा कान' म्हणायच्या. बाकीची पोरं एकमेकांनाच वाचून दाखवून मोकळी व्हायची. मौनीला मात्र बसल्या जागी कान मिळत होते, माझ्या गिऱ्हाइकांचे. बाई डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडलेली असायची आणि ही डोक्याशी उभी राहून वाचायची, "वाहनतळ दुरुस्तीसाठी बंद राहील. काकू, आता तुम्ही गाडी कुठे लावाल?" काकू म्हणायच्या, "अगं, मला गाडीच नाही." मौनी तेसुद्धा टिपून घ्यायची. मी ओरडायचे, गिऱ्हाइकं पळवशील माझी. पण बायकांना ते आवडायला लागलं होतं. आपल्याला कळलं का, असं घरी कोण विचारतं?

दुसरी शिस्त अशी की सरावासाठी लिहिलेल्या संदेशाचा पहिला शब्द 'सराव' असलाच पाहिजे. चुकून तो कुणाच्या हाती पडला तर त्या माणसाचा जीव टांगणीला लागायला नको. साधी गोष्ट आहे. शेंबड्या पोरालाही पटेल.

पण विभागप्रमुखांना पटायला हवी ना. पोरं त्यांना साहेब म्हणायची. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ओळखलं, केस घरी रंगवतात आणि मागचं कुणी बघत नाही. बोलायला मात्र एकदम गोड. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, यांच्या तर नुसत्या बिया विकल्या जायच्या. शेवटच्या वर्षाला आणीबाणीच्या सूचनांचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयाशी बोलणी करून घेतली की विभागातल्या संगणकावरून कार्यालयाच्या नावानं फोनवर संदेश पाठवता येतील. त्यात दोन गट होते. एक सरावाचा, त्यात विद्यार्थी आणि शिक्षक. दुसरा नागरिकांचा, म्हणजे आमच्या भागात ज्यांच्या नावावर पाण्याचं बिल येतं ते सगळे. पासवर्ड फक्त साहेबांकडे.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी मौनीनं आपला संदेश पार्लरमध्ये वाचून दाखवला. 'सराव. टाकीच्या पाण्यात दोष आढळला आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत नळाचं पाणी पिऊ नका.' मी एकीच्या भुवया करत होते. मी म्हटलं, "नुसतं पिऊ नका म्हणालीस तर बायका त्याच पाण्यानं भाज्या धुतील. वापरू नका असंही लिही." तिनं लिहिलं. मला जरा बरं वाटलं. पदवीच्या अभ्यासात माझे दोन शब्द गेले म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेतल्या कॅशियर बाई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. केसांना काळा रंग लावून झाला होता, आता धुवायचंच बाकी होतं. तेवढ्यात दोघींचे फोन एकदम वाजले. खाली पाणीपुरवठा कार्यालयाचं नाव आणि वर तोच मजकूर. टाकीच्या पाण्यात दोष, पिऊ नका, वापरू नका. मी बघतच राहिले. अक्षर न अक्षर कालचं होतं, माझ्या दोन शब्दांसकट. फक्त 'सराव' कुठे नव्हता.

मी म्हटलं, "बाई, हे खरं नाही. हे माझ्या भाचीनं लिहिलंय. चला, डोकं धुऊन घेऊ."

"तुमची भाची पाणीपुरवठ्यात आहे का?"

"नाही, ती शिकते."

"मग राहू द्या. पाण्याला हात लावायचा नाही."

मी परोपरीनं सांगितलं. पण त्यांच्या हातात कार्यालयाचा संदेश होता आणि माझ्या हातात नुसता कंगवा. रंग कपाळावरून ओघळायला लागला. मी शेजारच्या दुकानात बाटलीतलं पाणी आणायला धावले, तर तिथे झुंबड उडालेली, पाणी कधीच संपलं होतं, फक्त सोडा उरला होता. मी कॅशियर बाईंचं डोकं सोड्यानं धुतलं. इतकी वर्षं हा धंदा करतेय, असा फेस कधी बघितला नव्हता. बाईंचे कान आठवडाभर काळे राहिले. आज सांगताना हसू येतं, पण रस्त्यावर त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. खानावळवाल्यानं शिजवलेलं सगळं अन्न ओतून दिलं. दवाखान्यानं दार लावून घेतलं. चढावरच्या वस्तीतली माणसं बादल्या घेऊन खालच्या मैदानातल्या हातपंपावर उतरत होती, आणि त्यात एक म्हातारे आजोबा बादलीसकट पडले, त्यांचं मनगट मोडलं.

कॉलेजात काय घडलं ते मौनीनं नंतर सांगितलं. त्या दिवशी विभागाची तपासणी करायला बाहेरून पाहुणे आले होते. साहेबांनी फोटो काढायला माणूस बोलावला होता. पडद्यावर मौनीचा संदेश होता. साहेब म्हणाले, "हा 'सराव' कशाला पुढे? फोटोत कसं दिसेल? पाहुण्यांना वाटेल, पोरखेळ चाललाय. काढ तो." मौनी म्हणाली, "सर, तो नियम आहे." साहेब म्हणाले, "नियम कुणी केला होता, त्या आता इथे नाहीत." तिनं तो शब्द पुसला. मग साहेब स्वतः खुर्चीत बसले, पासवर्ड घातला, गट निवडला आणि बटण दाबलं. आणि हे सगळं करताना ते पडद्याकडे बघतच नव्हते, कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तरी वर्गात एकही फोन वाजला नाही. सरावाच्या गटात सगळ्या वर्गाचे नंबर, मग एक तरी वाजायला नको? मौनीनं पडद्यावरचं गटाचं नाव वाचलं. ती पुढे जाऊन म्हणाली, "सर, दुसऱ्या गटाला गेला. लगेच दुसरा पाठवा. पहिला चुकून गेला, पाणी चांगलं आहे, एवढंच लिहा." साहेबांनी पडदा बघितला आणि त्यांचा रंगच उडाला, केसांचा सोडून. पण पाहुण्यांदेखत ते म्हणाले, "घाई करायची नसते. अशा वेळी शब्दरचना महत्त्वाची. प्राचार्यांची मान्यता घेऊ." त्यांनी संगणक बंद केला आणि पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले. हो, जेवायला. इकडे अख्ख्या भागाच्या तोंडचं पाणी पळवलं आणि हे तिकडे हात धुऊन पानावर बसले. आणि हात कुठल्या पाण्यानं धुतले असतील? नळाच्याच.

मौनी तिथे थांबली नाही. संदेश ज्या घरांत गेला त्या घरांत ती पायी निघाली. आधी चढावरची वस्ती. दार वाजवायचं आणि सांगायचं, "तो संदेश सरावासाठी मी लिहिलेला आहे. चुकून तुमच्याकडे आला. पाणी चांगलं आहे." लोक तिच्याकडे बघायचे. मग ती म्हणायची, एक पेला द्या, आणि त्यांच्याच नळाचं पाणी त्यांच्यासमोर प्यायची. मी तिला शोधत गेले तेव्हा ती वस्तीच्या मध्यावर होती. पोट फुगलेलं, चेहरा पांढराफटक, आणि जन्मात बोलली नसेल इतकं बोलून आवाज बसलेला. मी म्हटलं, "अगं बये, पुरे कर, फुटशील." ती म्हणाली, "मावशी, त्या बाजूची दारं तू घे." मी घेतली. मीही प्यायले. कुणी विश्वास ठेवला, कुणी दार आपटलं, एकीनं शिव्या दिल्या, एकानं फोन काढून तिचं बोलणं रेकॉर्ड केलं.

संध्याकाळी दुसरा संदेश आला एकदाचा. 'तांत्रिक कारणास्तव प्रसारित झालेल्या संदेशाच्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत असून नागरिकांनी सहकार्य करावे.' मी तो तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवला आणि विचारलं, आता तुम्ही काय कराल? एक म्हणाली, बिल भरीन. एक म्हणाली, वीज गेली का? तिसरी म्हणाली, पाणी खराब आहे हे नक्की झालं बघा. त्यांचं काय चुकलं? पाणी प्यावं की नाही हे त्यात होतं कुठे? माणसाला साधं सांगायचं नाही, कारण साधं सांगितलं की चूक कुणाची तेही सांगावं लागतं. म्हणून हे अनुषंगाने आणि कार्यवाही. अंगाची लाही लाही होते माझ्या असं काही वाचलं की.

आणि मग सुरू झाल्या चोराच्या उलट्या बोंबा. दोन दिवसांनी मौनीला चौकशीचं बोलावणं आलं. तिनं दारोदार जाऊन सांगितलं होतं ना, मी लिहिलेला आहे म्हणून? ते रेकॉर्डिंग कॉलेजपर्यंत पोचलं होतं. साहेबांनी तेच पकडलं. ही मुलगी स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय, अजून काय पुरावा पाहिजे? म्हणजे ज्या तोंडानं तिनं लोकांना पाणी प्यायला लावलं त्याच तोंडावर यांनी खापर फोडलं. परीक्षा जवळ आली होती. तिकडून ताईचा फोन, सही मागतील तर करून टाक म्हणावं, पाण्यात राहून माशाशी वैर नको. मला काय वाटत होतं ते विचारू नका. सकाळी वाटायचं, कर बाई सही, पदवी घे आणि सूट. दुपारी वाटायचं, सही केलीस तर या घराची पायरी चढू नकोस.

चौकशीला पालक म्हणून मी गेले. जाताना मौनीनं मला बजावलं, "मावशी, तू बोलायचं नाहीस." लांब टेबल, मधे प्राचार्य, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला पाणीपुरवठा कार्यालयातले एक अधिकारी, ते सारखं घड्याळ बघत होते. कोपऱ्यात वर्गाची प्रतिनिधी म्हणून एक मुलगी. टेबलावर एक कागद तयार. 'मी निष्काळजीपणाने आणि विभागाच्या परवानगीशिवाय हा संदेश पाठवला.' खाली मौनीच्या सहीची जागा.

प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "सही केलीस तर परीक्षेला बसू देऊ. तुझं वय लहान आहे, आम्हाला कुणाचं नुकसान करायचं नाही."

मौनी म्हणाली, "सर, मी पाठवला नाही."

"पासवर्ड विद्यार्थ्यांनाही माहीत होता," साहेब म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले.

माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "फोटो काढत होते ना तुमचे? ते दाखवा की." साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, त्या दिवशीचे फोटो नीट आले नाहीत. मौनीनं टेबलाखालून माझा हात दाबला.

मग प्राचार्यांनी वर्गप्रतिनिधीला विचारलं, "बटण कुणी दाबलं, तू पाहिलंस?" ती मुलगी माझ्या पार्लरमध्ये येते. तिच्या बहिणीच्या लग्नात मी तिच्या केसांत फुलं माळली होती. ती म्हणाली, "सर, मी तेव्हा फोनकडे बघत होते." म्हणे फोनकडे. आणि तीच एक नाही हो, सगळा वर्गच म्हणे फोनकडे बघत होता. तीन वर्षं संवाद शिकलेली एवढी तोंडं, आणि सगळ्यांनी मूग गिळलेले. मला वाटलं, उठावं आणि टेबल उलटं करावं. मी माझ्या पर्सचा बंद इतका ओढला की तो तुटला.

मौनीनं पेन मागितलं. साहेबांनी स्वतःचं पुढे केलं, केवढी तत्परता. तिनं कागदावरचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं. मग आपला तो बसका आवाज काढून वाचून दाखवलं. "संदेश मी लिहिला. 'सराव' हा शब्द मी सरांच्या सांगण्यावरून पुसला. तो पुसायला नको होता, ही माझी चूक आहे. संदेश मी पाठवला नाही." सही केली. आणि पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाली, "सर, पाणी चांगलं आहे हे अजून तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही. ते मनगट मोडलेले आजोबा अजून खालूनच पाणी आणवतात. मला शिक्षा द्यायची ती द्या, पण ते आधी सांगा." अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, तो विषय आजच्या चौकशीत येत नाही.

तो कागद त्यांना चालला नाही. मौनीला परीक्षेला बसू दिलं नाही, वर्ष गेलं. साहेब तपासणीत पास झाले, विभागाला वरची श्रेणी मिळाली. रस्त्यात दिसले की मला नमस्कार करायचे, आणि मी तोंड फिरवायचे. एकदा फिरवलं नाही. म्हटलं, "साहेब, मागचे केस पांढरे दिसताहेत. या एकदा पार्लरला. पाणी चांगलं आहे आमचं." तेव्हापासून ते पलीकडच्या फुटपाथनं जायला लागले.

त्या वर्षी मौनी माझ्या हाताखाली राबली. लोक यायचे, विचारायचे, पाणीवाली मुलगी हीच का? ती हो म्हणायची आणि टॉवेल घड्या घालत राहायची. मला वाटलं होतं, रडेल, चिडेल, अभ्यास सोडेल. काही नाही. हॉस्पिटलच्या माहिती कक्षात जागा निघाली, ती भरली गेली. तिनं जाहिरात वाचली, बाजूला ठेवली आणि पुस्तक उघडलं. तिच्या वाटचं मीच चिडून घेतलं. पुढच्या वर्षी ती मागून आलेल्या पोरांबरोबर परीक्षेला बसली. सगळे पेपर चांगले गेले. शेवटचा पेपर आणीबाणीतल्या संवादाचा. काढणारे साहेब, तपासणारेही साहेबच.

त्या दुपारी ती आली आणि माझ्यापुढे प्रश्नपत्रिका धरली. एक प्रश्न मोठ्या गुणांचा होता. 'अ' असा, की एका विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे नागरिकांना पाण्याविषयी खोटा संदेश गेला. अशा वेळी विभागाने काय करावे, ते लिहा. किंवा 'ब', संवादाची व्याख्या सांगून त्याचे प्रकार स्पष्ट करा.

मला काही क्षण अक्षरं दिसेनात. माणसानं किती कोडगं असावं? तिचं वर्ष खाल्लं ते खाल्लं, वर तिलाच प्रश्न घातला. मी म्हटलं, "पण 'किंवा' होतं ना? 'ब' लिहिलास ना? तो तर तुला झोपेत येतो."

"येतो," ती म्हणाली. "'अ' लिहिला."

"काय लिहिलंस?"

"विभागाने काय करावं ते. असा संदेश पाठवावा म्हणून लिहिलं." आणि तिनं मला तो म्हणून दाखवला. "आधीचा संदेश खोटा होता. पाणी चांगलं आहे, प्या. 'सराव' हा शब्द विद्यार्थिनीनं पुसला, तो पुसायला विभागप्रमुखांनी सांगितलं, आणि चुकीच्या गटाला संदेश त्यांनी पाठवला. तुम्हाला त्रास झाला, आम्हाला माफ करा. खाली, विभागप्रमुख."

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अगं, पदवी हातातोंडाशी आली होती. चार ओळी व्याख्या लिहून मोकळी झाली असतीस. कुणाला कळणार होतं?"

तिनं प्रश्नपत्रिका वहीत ठेवली आणि टॉवेलांच्या घड्या घालायला घेतल्या. तिची नेहमीची सवय.

निकाल लागला. बाकी सगळ्यांत पास, त्या पेपरात नापास. त्या प्रश्नाला शून्य. अर्धा गुण नाही, पाव नाही, शून्य. नियमाप्रमाणे तिनं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, ती आली तेव्हा मी एकीच्या केसांना रंग लावत होते. मौनीनं ते पान आरशापुढे ठेवलं. तिच्या त्या ओळींखाली एकेक करून लाल रेघ मारलेली होती, पहिल्या शब्दापासून 'माफ करा'पर्यंत. समासात शून्य आणि शून्याशेजारी साहेबांची सही. त्या सगळ्या प्रकरणात, एवढे संदेश गेले, एवढ्या चौकशा झाल्या, त्यांनी कशावरही सही केली नव्हती. ही पहिली.

मी रंगाचा ब्रश आपटला. गिऱ्हाईक दचकलं. मी म्हटलं, "मी आत्ता जाते त्या माणसाकडे. आत्ताच्या आत्ता. या रंगाच्या वाटीसकट जाते."

"नको जाऊस, मावशी," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी परत बसेन."

"आणि हे शून्य?"

तिनं लाल रेघांवर बोट ठेवलं, एकेका ओळीवर.

"वाचल्याशिवाय रेघ मारता येत नाही," ती म्हणाली. "सव्वा वर्ष मी त्यांना हेच सांगत होते, ते ऐकून घेत नव्हते. आता शेवटपर्यंत वाचलंय."